पन्नास माणसांत कुठं राज्य होतं का?

ऐकलंत का? पुन्हा सुरू झालंय म्हणे! दिवाळीला पुण्याहून गावी आलेली पोरं चार दिवस माडीवर दार लावून बसली होती. पहिल्या आंघोळीला हाका मारमारून आयांचे घसे बसले. पाडव्याला एक माउली ओवाळायचं ताट धरून जिन्यात ताटकळली, तर वरून नवऱ्याचा आवाज, "थांब गं जरा! सहाशे माणसं हायेत माझी. आत्ता उठलो तर एक वाचायचं नाही." सहाशे माणसं! करमाळ्यातल्या एका माडीवर! ताटातलं निरांजन विझलं, वरचं युद्ध काही विझलं नाही.

आणि 'पोरं' म्हणायची ती आपली रीत म्हणून. एकाला चाळिशीचा चष्मा लागलाय. दुसऱ्याच्या टाळूवर मे महिन्यातल्या उजनी धरणासारखी परिस्थिती आहे, मधली जमीन उघडी आणि कडेला थोडी ओल. तिसरा हिंजवडीत कुणाकुणाचा साहेब आहे म्हणतात. हे सगळे मिळून काय करत होते, तर 'एज ऑफ एम्पायर्स' खेळत होते. पाव शतकापूर्वीचा कॉम्प्युटरवरचा खेळ! बरं, खेळतात तर सरळ खेळावा ना? नाही. खेळ बनवणाऱ्यांनी घालून दिलेली माणसांची मर्यादा, पॅच म्हणजे ठिगळ लावून, फोडून खेळतात. शोभतं का हे? घरात दोन लेकरांवर थांबलेली माणसं ही, आणि पडद्यावर सहाशे?

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही, म्हणजे पाहिला नाही असं जे घरी सांगतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या एन्सेम्बल स्टुडिओजनं तो केला, मायक्रोसॉफ्टनं १९९७ मध्ये बाजारात आणला. सुरुवातीला हाती तीन गावकरी आणि एक चावडीवजा इमारत. बोरं तोडा, हरणं मारा, लाकडं आणा, घरं बांधा. अश्मयुगातून निघा, लोहयुगात पोचा, हत्तीघोडे जमवा आणि शेजाऱ्याच्या बांधावर चढाई करा. आता मला सांगा, बांधावरचं भांडण आणि तेही हत्ती घेऊन! असला खेळ आपल्या तालुक्यात चालणार नाही तर कुठं चालणार?

पण नेमकं रंगात आलं की खेळ हात आडवा धरायचा. तुमची ५० माणसं झाली, आता बास.

पन्नास? पन्नासात आपल्याकडं काय होतं हो? साखरपुडा तरी होतो का? पन्नास म्हणजे नवरीकडची नुसती मामेमंडळी. वडापच्या जीपमध्ये नऊ माणसं बसली तर ड्रायव्हर 'गाडी रिकामी हाय' म्हणून स्टँडवर ओरडत राहतो. उसाच्या ट्रॅक्टरमागं एकच ट्रॉली दिसली तर आपण विचारतो, दुसरी कुठं पलटी झाली? आणि उजनीचं काय? शंभर टक्क्यांना ११७ टीएमसी पाणी, असं कागदावर लिहिलंय. म्हणून धरण शंभरावर थांबतं का? पाऊस चांगला झाला की पेपरात ठळक मथळा, 'उजनी १११ टक्के'. शंभरातले एकशेअकरा! असं उत्तर शाळेत लिहिलं असतं तर मास्तरांनी कान उपटला असता. पाटबंधारे खातं लिहितं तेव्हा आपण पेढे वाटतो. अशा मुलखातल्या पोरांना कुणीतरी अमेरिकेत बसून सांगायचं, की बाबांनो, साम्राज्य करा, पण पन्नासात भागवा?

तालुक्यात आकडा पाळावा तो एका कमलाभवानीच्या देवळानं. देवीच्या माळावर खांब ९६, बारवेच्या पायऱ्याही ९६. देऊळ बांधणाऱ्या रावरंभा निंबाळकरांच्या मनात तो आकडा बसला तो बसला. तिथं सत्त्याण्णवावी पायरी पाहिजे म्हणून कुणी अजून पॅच काढला नाही. बाकी सगळीकडं आनंद आहे.

कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, नाहीतर चर्चा एकतर्फी होते आणि मग तिला चव राहत नाही. त्या काळात त्यांनी समोर धरलेलं मशीन होतं पेंटियम ९० आणि त्यात १६ एमबी रॅम. आज मोबाइलवर येणारा 'शुभ सकाळ'चा एखादा व्हिडिओ त्याहून जड असतो. त्यात आठ गडी एकमेकांशी फोनच्या तारेवरून लढणार, आणि मोडेम २८.८ चा. या मोडेमची कूं-कीं ज्यांनी ऐकलीय त्यांना अजून झोपेत दचकायला होतं. प्रत्येक शिपाई कुठं उभा आहे, किती जखमी आहे, कुणीकडं तोंड करून आहे, हे सगळं तारेवरून पाठवायचं म्हटलं तर २५० हलत्या माणसांपुढं मजल जाणार नव्हती. मग त्यांनी काय शक्कल लढवली? माणसं पाठवायचीच नाहीत. फक्त हुकूम पाठवायचा, 'अमक्यांनी तमक्या झाडाकडं जावं', आणि प्रत्येक मशीननं आपापल्या घरी तीच लढाई, तशीच्या तशी, स्वतःच लढून घ्यायची. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या त्यांच्या दोघांनी २००१ मध्ये यावर एक लेखच लिहिला, आणि त्याच्या नावातच २८.८ च्या मोडेमवर १५०० तिरंदाज उभे केले. बघा म्हणजे! स्वतःच्या लेखात पंधराशे, आणि आपल्या पोरांना पन्नास.

या युक्तीला एक पथ्य होतं. सगळ्या मशिनींवरची लढाई केसभरही वेगळी होऊन चालत नाही. त्याच लेखात त्यांनी रडगाणं गायलंय. नकाशा तयार होताना एखादं हरीण जरासं तिरकं उभं राहिलं की ते वेगळीकडं चरायला जातं, मग काही मिनिटांनी एखाद्या गावकऱ्याचा भाला हुकतो, तो मटण न घेता रिकामा घरी येतो, आणि दोन मशिनींवर दोन वेगळी जगं सुरू होतात. एका हरणापायी साम्राज्याचा बट्ट्याबोळ!

हे पथ्य लक्षात ठेवा, कारण मर्यादा मोडायची साथ पसरली ती त्याच्यामुळंच.

दोन हजारच्या दशकात आपल्याकडं गल्लोगल्ली एमएस-सीआयटीचे क्लास निघाले. त्यातल्याच एका क्लासात, पाच-सहा मशिनी वायरनं एकमेकींना जोडलेल्या, पुण्याहून एसटीच्या बोचक्यात आलेली एक सीडी घुसली. दिवसा वर्ड आणि एक्सेल, दिवेलागणीनंतर ग्रीक आणि पर्शियन. फी भरताना आईबापांना सांगितलं होतं 'कॉम्प्युटर शिकतोय', ते खोटंही नव्हतं. कारण याच पोरांपैकी कुणीतरी खेळाची मूळ फाइल उघडून आकडे बदलायच्या नादाला लागला. त्या फाइलीत आकडे सोळाच्या हिशेबात असतात. तिथं पन्नासाला ३२ म्हणतात आणि दोनशेला सी-८. म्हणजे करायचं एवढंच, की ३२ शोधायचा आणि सी-८ लिहायचा. एवढंच! जत्रेत हरवलेलं पोर शोधायचं आणि सगळ्या पोरांचं नाव 'बाळू', अशातली गत. शेकड्यांनी ३२ पडलेले. आपला कुठला? चुकीचा बदलला की खेळ उघडायचाच बंद. एकेक ३२ वहीत टिपून ठेवणाऱ्या या कार्ट्याला दहावीत गणितात किती होते ते विचारू नका. बत्तीसच्या आसपासच असतील.

आणि एक दिवस लागला तो ३२. पडद्यावर एक्कावन्नावा माणूस दाराबाहेर पडला. गणपती दूध प्यायला तेव्हासुद्धा एवढी धावाधाव झाली नसेल. एक्कावन्न, साठ, नव्वद! पण गंमत पुढंच. ज्याच्या मशीनवर दोनशे, त्याच्याशी पन्नासवाल्याला खेळताच येईना. हरणाची गोष्ट आठवा. दोन मशिनींचा हिशेब जुळेना, खेळ तुटायचा. मग काय, एकाला लावला तो पॅच दुसऱ्याला लावणं भाग, दुसऱ्यामुळं तिसऱ्याला. 'आम्ही नाही त्यातले' म्हणणाऱ्याला कुणी खेळायलाच घेईना. कांजिण्यांसारखं एकेक मशीन बाधलं. हॉस्टेलं बाधली, मेसवाल्याचं बिल मांडायचं मशीन बाधलं. सज्जन राहायची सोयच उरली नाही. आणि सज्जनांना तरी कुठं राहायचं होतं?

क्लासच्या मास्तरांचा मात्र कडक विरोध होता हं! दर शनिवारी ते सगळ्या मशिनींवरून खेळ पुसून काढायचे. सोमवारी तो 'टॅली नोट्स' नावाच्या फोल्डरातून पुन्हा उगवायचा. शिस्त, संस्कार, विजेचं बिल, यांवर त्यांची व्याख्यानं झाली. पुढं एका रात्री दहाला कुणीतरी विसरलेली छत्री न्यायला गेलं. शटर अर्धं खाली, आत निळा उजेड, आणि मास्तर एकटेच, तोंडाचा चंबू करून, पडद्यावरच्या पुजाऱ्यासोबत "वोलोलो, वोलोलो" म्हणतायत. (या खेळात पुजारी लांबूनच मंत्र म्हणून शत्रूचा शिपाई आपल्या पक्षात ओढतो. निवडणुकीच्या आधी आपल्याकडं होतं तेच, फक्त फॉर्च्युनर लागत नाही.) पोराला पाहून मास्तर सावरले. चष्मा पुसला. म्हणाले, "ते बत्तीसचं काय ते असतं ना, तेवढं माझ्याही मशीनला करून ठेव. टेस्टिंगला."

टेस्टिंगला! वर्षभर चाललं ते टेस्टिंग.

धर्मांतरं तर काय एकेक झाली. कंदरच्या बाजूला केळीच्या बागा असलेले एक सासरे जावयाकडं आले होते. जावई शेतं लावत बसलेला. सासऱ्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "पाणी कुठनं आणलंय?" पाणी लागत नाही म्हटल्यावर ते हादरले. शेत लावायला लाकूड लागतं आणि अडीचशेचं धान्य निघालं की शेतच नाहीसं होतं, पुन्हा लाकूड टाकून नवं करावं लागतं, हे कळल्यावर तर "हे कुणी बनवलंय? त्याला घिऊन या इकडं" असं म्हणाले. पण उठले का? नाही. संध्याकाळी जावयाला बाजूला सारून सासरेबुवांनी ऐंशी शेतं लावली, एकही शिपाई न ठेवता. शत्रू आला, सगळं जाळून गेला. "नुकसानभरपाईचं बटण कंचं?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. पन्नासाच्या मर्यादेत ऐंशी शेतांना गडी कुठून आणले असते त्यांनी? म्हणून तर त्यांनी पॅचला आशीर्वाद दिला, "चांगलं काम केलंय पोरानं."

आणि वहिन्या? त्यांना कुणी साध्या समजू नका. एका वहिनींनी नुसत्या भिंती बांधल्या. चौफेर तटबंदी, आत दोनशे माणसं, लढाई नाहीच. सासरची माणसं आत येऊ द्यायची नाहीत हा एकच राजकीय कार्यक्रम. त्यांना अजून कुणी हरवलेलं नाही.

शिवाय मर्यादा मोडली की माणूस थांबतो थोडाच. चोरवाटाही आल्याच. 'पेपरोनी पिझ्झा' असं टाइप केलं की एक हजाराचं अन्न फुकट. करमाळ्यात तेव्हा पिझ्झा कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, पण स्पेलिंग अख्ख्या क्लासला पाठ. 'बिगडॅडी' म्हटलं की लोहयुगात रॉकेट सोडणारी काळी मोटारगाडी. दोनशे मोटारी घेऊन रोमनांवर जाणारा एक महाभाग होता. कुठल्या परमिटवर, असं कुणी विचारलं नाही. मशीन मात्र घायकुतीला यायचं. दोनशे गाड्या एका खिंडीत वळायला लागल्या की पडदा गारठायचा, आणि ज्याचं मशीन सगळ्यांत मंद त्याच्या चालीनं सगळ्यांना चालावं लागायचं, वारीत म्हातारी पुढं असली की मागची दिंडी चालते तसं. त्यातून जिंकण्याच्या बेतात असताना लोडशेडिंग! अडीच तासांचं साम्राज्य एका 'टक्'मध्ये गेलं. त्या अंधारात वीज मंडळाच्या नावानं जी भाषा उमटायची ती इथं छापता येत नाही.

कंपनी गप्प होती असं नाही. १९९८ च्या 'राइज ऑफ रोम'मध्ये तिनं चारचौघांत खेळणाऱ्यांना पन्नासाच्या पुढं जायची मुभा दिली. एकट्यानं खेळणाऱ्याला मात्र पन्नासच! का? एकट्यानं पाप जास्त लागतं? मूळ खेळाला जोडलेल्या त्याच पुरवणीत एक 'लॉजिस्टिक्स' नावाची विद्या होती. ती शिकली की छावणीतला पायदळाचा शिपाई लोकसंख्येत अर्धाच धरायचा. अर्धा! एस.टी.त पाच ते बारा वयाच्या पोराला धरतात तसा. आमचा एक इतिहासप्रेमी मित्र यावर पेटलाच. "मग बुणगे कसे धरायचे? पानिपतावर बुणगे अर्धे धरले असते तर अन्न पुरलं असतं!" पुढं हाच मित्र २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'च्या नादी लागला, कारण त्यात चक्क मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं, सन १७०० पासून. तिथं एका फौजेत तुकड्या वीसच. मराठ्यांच्या फौजेला वीस? त्यानं 'डार्थमॉड' लावून एकेका तुकडीत माणसं अशी फुगवली की दिल्लीचं तख्त रोज रात्री अकराच्या आत हलायचं. सकाळी मात्र दूध आणायला उशीर.

'एज'चा दुसरा भाग १९९९ ला आला, तेव्हा मर्यादा दोनशेची झाली. वाटलं, आता तरी लोक सुधारतील. अहो, खेळातच फट ठेवलेली! गॉथ लोक घेऊन शेवटच्या युगात गेलं की दहा जागा जास्त, दोनशेदहा. रॉकेलच्या रेशनकार्डावर पाहुणे चढवावेत तसे. आणि आकडा भरला तरी मंत्रवाले संन्यासी शत्रूची माणसं वळवतातच. आयात केलेल्यांना मर्यादा नाही. हे तर आपल्याकडच्या कुठल्याही पक्षकार्यालयात विचारा. तेवढ्यानंही भूक भागेना, म्हणून चाहत्यांनी 'युजरपॅच' काढला. त्यात लोकसंख्या हजार! माडीवरची सहाशे माणसं आली ती इथून.

ही आकड्यांची नशा चढली की संतांनाही सोडत नाही. सिड मायरच्या १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन' खेळाची कथा तर तुमच्यापर्यंत पोचलीच असेल. म्हणे त्यात गांधीजींचा भांडखोरपणा १ होता. लोकशाही आली की त्यातून २ वजा व्हायचे. एका खणात मावणारा आकडा शून्य ते २५५, उण्याला जागा नाही. म्हणून शून्याखाली उतरलेले गांधीजी फिरून थेट २५५ वर, आणि मग अणुबॉम्ब! काय ही विटंबना! आपण ही कथा किती चवीनं दहा जणांना सांगितली, आठवतंय ना? २०२० मध्ये मायरनं आपल्या आत्मकथनात सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं, निव्वळ थाप. आपला विरस झाला. पण थांबा. २०१० च्या पाचव्या भागात जॉन शेफर या रचनाकारानं गंमत म्हणून गांधींची अणुबॉम्बची आवड मुद्दाम १२ ठेवली होती. दहापैकी बारा! म्हणजे खेळ करणारेच मर्यादा फोडणार, आणि दोष आमच्या क्लासातल्या पोराला?

करमाळेकराला मात्र शून्याखाली जाण्याचं काहीच नवल वाटलं नाही. "त्यात काय एवढं," स्टँडवरच्या चहावाल्यानं निकाल दिला, "आपली उजनी दर उन्हाळ्यात उणे जाती." खरंच की! २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नाशीच्याही खाली गेली होती. कॉम्प्युटरला उणे मावत नाही, आपल्या धरणात मावतं. मृतसाठ्यावर जगणाऱ्या तालुक्याला २५५ ची कसली भीती घालता?

शेवटी काय झालं? जे व्हायचं तेच. चाहत्यांच्याच एका गटानं दुसऱ्या भागाला हौसेनं जोडलेली भर २०१३ मध्ये कंपनीनं अधिकृत करून विकायला काढली. ज्यांच्यावर डोळे वटारायचे त्यांच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! २०१९ ची नवी आवृत्ती आली तेव्हा त्या किल्लेदारांचा तिच्यात हात होताच, आणि लोकसंख्या पाचशेपर्यंत राजरोस. अतिक्रमण आधी, सातबारा नंतर. हा क्रम आपल्याला नवा आहे का?

पण राजरोस मिळालं की गोडी जाते हो. पाचशे अधिकृत मिळत असताना माडीवरची ही मंडळी जुनीच आवृत्ती, जुनाच पॅच आणि हजाराचा आकडा घेऊन बसतात, ते उगाच नाही. घरचं ताक सोडून शेजारच्या आंब्यावर दगड. मास्तरही आले होते म्हणे भाऊबीजेला, "सहज डोकावलो" म्हणत. सोबत स्वतःचा माउस आणला होता.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं आम्हाला इतकं बारीक कसं ठाऊक? ऐकीव हो, सगळं ऐकीव. गावात चार लोक बोलतात, आपण ऐकतो. बरं, ते राहू द्या. तुमच्याकडं जो पॅच आहे तो कितवा? नाही, आपलं सहज. आमच्या मशीनवर हजाराचा आकडा दिसतो, पण आठशेच्या पुढं हत्ती वेशीतच अडकून बसतात आणि मागचे पुढच्यांना ढकलत राहतात. तुमचे निघतात का बाहेर?